उपवासाची सिगारेट

वडिलांसाठी सिगारेट विकत घ्यायला निघालेली मुलगी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. लपवणाऱ्या पाहिल्यात, फेकून देणाऱ्या पाहिल्यात. शाळेत असताना मी स्वतः बाबांची आख्खी पाकिटं संडासात रिकामी केली आहेत. पण २०१९च्या जून महिन्यात मी, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, ऑफिसातून परस्पर दुबईच्या एका मॉलमध्ये गेले, काउंटरवर पर्स ठेवली आणि सांगितलं की मला विजेवर चालणारी सिगारेट हवी आहे आणि ओढणारा माणूस पंच्याहत्तरीचा आहे.

आदल्या वर्षी आई गेली. बाबा डोंबिवलीच्या घरात एकटे राहिले. ओढायचे ते आधीही, पण आता झोपता झोपता ओढायला लागले. आधी दुलईचा कोपरा जळला, तो त्यांनी आम्हाला सांगितलाच नाही. मग एप्रिलमध्ये गादी धुमसायला लागली. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती म्हणून त्या आत शिरल्या आणि बादलीभर पाणी ओतलं. त्यांनीच मला इकडे शारजाला, आमच्या घरी, फोन करून हे सांगितलं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, गादी जुनीच होती.

त्या दिवशी मी ठरवलं की बाबांना इकडे आणायचं आणि ठेवून घ्यायचं. माझं एक आहे, ठरवलं की ठरवलं. २००८ साली मंदी आली, नवऱ्याच्या कंपनीचे टॉवर अर्ध्यातच थांबले आणि त्याची नोकरी गेली, तेव्हा आमच्या मजल्यावरची तीन कुटुंबं सामान विकून परत गेली. मी गेले नाही. माझ्या एकटीच्या पगारात भाडं कसं भागवलं ते मलाच माहीत. पुढे नवऱ्याला अबुधाबीच्या मुसफ्फामध्ये एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम मिळालं, आणि तेव्हापासून तो गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी जातो. आमचा संसार असा आठवड्यातून दोन दिवसांचा, पण तो शारजातल्या अल मजाजच्या त्याच घरात टिकला. तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाची सिगारेट ती काय, असं मला वाटलं होतं.

बाबा आले ते परतीचं तिकीट काढूनच. तुळशीचं लग्न झालं की जातो, म्हणाले. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू. पण घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या मुलाला दमा आहे. घरात कुणी उदबत्ती जास्त लावली तरी त्याला पंप घ्यावा लागतो. सिगारेटचा धूर आमच्या घरात चालण्यासारखा नव्हता, आणि बाबांना हे न सांगता कळत होतं. ते काही न बोलता प्रत्येक सिगारेटसाठी लिफ्टने चौदा मजले खाली जायचे आणि पार्किंगशेजारच्या कट्ट्यावर बसायचे. जूनच्या उन्हात. एका दुपारी वॉचमन त्यांना हाताला धरून वर घेऊन आला. चक्कर आली होती. शर्ट अंगाला चिकटला होता, आणि तरी म्हणाले, "काही नाही गं, लिफ्टला वेळ लागला म्हणून."

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळंच सोडलेलं उत्तम. ते जमत नसेल तर विजेची सिगारेट त्यातल्या त्यात बरी. पण ती औषध आहे असं समजू नका, आणि हीही ओढायची अन् तीही ओढायची असं तर मुळीच करू नका. त्याच वर्षी इथे तिच्या विक्रीला परवानगी मिळाली होती. धूर नाही, राख नाही, मुख्य म्हणजे विस्तव नाही. गादी जळणार नाही, एवढं एक वाक्य मी धरून बसले.

तर ते दुकान. आत शिरल्याबरोबर स्ट्रॉबेरीच्या वासाचा एक ढग अंगावर आला. त्या ढगामागे दाढीवाला विक्रेता होता. माझ्याकडे पाहून त्याला वाटलं, मी चुकून आले, शेजारी पडद्यांचं दुकान होतं. वडिलांसाठी हवी, बिगिनर आहेत, असं म्हटल्यावर त्याने काचेवर सात-आठ वस्तू मांडल्या आणि हिंदीत भराभर माहिती द्यायला सुरुवात केली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण कळत नाही असं दुकानदाराला दाखवायचं नसतं, हे मी आईकडून शिकले आहे. म्हणून मिक्सर घेताना जे विचारतात तेच मी विचारलं. गॅरंटी किती? सुटे भाग मिळतात का? बिघडलं तर दुरुस्त कोण करतं?

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हलक्या वस्तूंचे सुटे भाग मिळत नाहीत, या मोठ्या डब्याचे सगळे मिळतात. झालं. मी तो मोठा डबा घेतला. चांगला हाताला वजनदार होता, वर काचेची टाकी, खाली बॅटरी. टिकाऊ दिसतोय, असं मनाशी म्हटलं. आम्हा लोकांना टिकाऊ म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. ज्याला वापरायचं त्याला ते झेपेल का, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

बाबांना ते झेपलं नाही. सुरू करायचं तर बटण पाच वेळा पटापट दाबायचं. बाबांची बोटं हल्ली कापतात, तीनदा दाबून चौथ्यांदा ती सटकायची. टाकीत बाटलीतलं निकोटिनचं पाणी, आम्ही त्याला औषधच म्हणायचो, भरायचं तर निम्मं अंगठ्यावर. पहिला झुरका त्यांनी सिगारेटसारखा छाती भरून, झटक्यात ओढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले. ही ओढायची असते हळूहळू, गरम चहा भुरकल्यासारखी, हे मला घरी येऊन माहितीपत्रक वाचल्यावर कळलं. शेवटी डबा खिशात आडवा राहिला आणि टाकी गळून पांढऱ्या सदऱ्यावर तेलकट डाग पडला. बाबांनी सदरा काढला, डबा माझ्या हातात दिला, विचारून किंमत काढून घेतली, तिचे मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, "एवढ्यात डोंबिवलीला दोन गाद्या आल्या असत्या."

डबा खणात गेला आणि बाबा पुन्हा लिफ्टमध्ये.

आता मला राग आला होता, पण बाबांचा नाही. माझाच. आणि राग आला की मला सुचतं. आषाढ लागला होता. आमच्या घरी चातुर्मासाचा नेम असे. आईबाबा दोघंही आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं सोडत. बाबा देवभोळे अजिबात नाहीत, पण नेमाचे पक्के. एकदा कुणाच्या लग्नात पंक्तीत वांग्याची भाजी वाढली, तर पान अर्धं तसंच ठेवून उठले होते. मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं की यंदा वांगं खा, कांदा खा, काय हवं ते खा. यंदा सिगारेट सोडा.

बाबांनी सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसासारखा एकेक मुद्दा काढला. नेम फक्त चार महिन्यांचा. द्वादशीला पारणं झालं की आपण मोकळे, आणि त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने पाकीट आणून द्यायचं. हे मी कबूल केलं. मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "आणि तुझी ती वाफ? ती चालेल ना? उपवासाला भात चालत नाही, वरी चालते. तसं."

मी म्हटलं, चालेल. पुढचा सगळा घोटाळा त्या एका "चालेल"ने झाला.

एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी. चार महिने कांदा सुटणार म्हणून त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचं जे जे असेल ते पोटभर खाऊन घ्यायचं. मी भजी केली. बाबांनी भजी खाल्ली, आणि मग खाली जाऊन स्वतःची वेगळी कांदेनवमी केली. एकामागून एक. संध्याकाळभर ते वर आले नाहीत. मी खिडकीतून पाहत होते. समोरच्या खाडीच्या, खालिद लगूनच्या, काठाने लोक बाबागाड्या ढकलत चालले होते आणि माझे वडील कट्ट्यावर बसून पाकीट संपवत होते. ओरडावंसं वाटलं, पण त्यांचा तो हक्कच होता.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेले. या वेळी मी तोंड मिटून उभी राहिले. बाबांनी चष्मा लावला आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. बटण असलेल्या सगळ्या बाजूला सारल्या. औषध भरायला लागणाऱ्या बाजूला सारल्या. मग उरली एक बोटभर लांबीची चपटी नळी. ओढली की आपोआप सुरू होते, थांबलं की बंद. औषध भरलेली छोटी कुपी वरून बसवायची, टक् आवाज आला की बसली. संपली की काढून दुसरी. चार्जिंग संपत आलं की लाल दिवा. बाबांनी ती कापऱ्या हातांनी तीनदा उघडून लावून पाहिली, तीनही वेळा बसली. मग विक्रेत्याला विचारलं, कुप्या संपल्या की दर वेळी इतक्या लांब यायचं का? तो म्हणाला, नाही अंकल, शारजात तुमच्या घराजवळही मिळतील. एवढ्यावर सौदा झाला.

वासाबद्दल त्याने आंबा सुचवला. बाबा म्हणाले, आंबा खायचा असतो. साधा तंबाखूचा घेतला.

एकादशीच्या सकाळी बाबांनी अंघोळ केली, पूजा केली आणि नेम धरला. त्यानंतर त्यांनी सिगारेटला हात लावला नाही. लिफ्ट सुटली, ऊन सुटलं, खोकला जरा कमी झाला. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की जिंकले. तो आपल्या सावकाश आवाजात म्हणाला, इन्शाल्ला, जरा थांब.

त्याचं खरं ठरलं. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आमच्या घरात त्या दिवसांत अक्षरशः घडली. सिगारेटीला खाली जावं लागायचं, ती पेटवावी लागायची, ती संपायची. ही नळी संपतच नव्हती. पेपर वाचताना एक झुरका, बातम्या बघताना दोन, भाजी निवडताना, जपाची माळ ओढताना, अंथरुणात पडल्या पडल्या. हटकलं की म्हणायचे, उपवासाचं आहे. त्यांच्या उंचीचा एकच प्लग घरात होता, तो देवघराशेजारी. तिथे नळी चार्जिंगला लागायची. एकदा तर समई इकडे, नळी तिकडे, आणि बाबा मधे बसून, वायर जोडलेली तशीच, ओढतायत. माझा मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, "आजोबा, यू आर व्हेपिंग इन फ्रंट ऑफ गॉड."

बाबा म्हणाले, "देवाला धुराचा त्रास, वाफेचा नाही."

दोन दिवस पुरायला हवी ती कुपी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. मग डोकं दुखायला लागलं, छाती धडधडायला लागली, एका सकाळी उलटी झाली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मलाच झापलं. निकोटिन ते निकोटिन, ते नळीतून आलं म्हणून कमी होत नाही. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात. मी घरी आले, नळी काढून घेतली आणि नियम केला. उपवासाचं आहे ना, मग उपवासासारखंच वागा. फराळाच्या वेळा ठरलेल्या. सकाळी चहानंतर, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी एकदा, रात्री एकदा. बसून, बाल्कनीत, दार लावून. आणि कुपी कमी ताकदीची.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नातवाशी बोलले, वॉचमनशी बोलले, फोनवर शेजारच्या काकूंशी माझ्याबद्दल बोलले. तिसऱ्या दिवशी चहानंतर हात पुढे केला, मी नळी ठेवली, ते बाल्कनीत गेले. परत आल्यावर स्वतःहून नळी माझ्या हातात दिली. ऑगस्ट तसाच गेला. गणपतीत नवऱ्याचे मित्र आरतीला आले आणि खाली सिगारेट ओढायला उतरले, तेव्हा बाबा त्यांच्याबरोबर खाली गेले, गप्पा मारल्या आणि तसेच वर आले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी विसळली.

आणि सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी टीव्हीवर मराठी बातम्या चालू असताना खाली पट्टी धावली, भारतात ई-सिगारेटवर बंदी. विकायची नाही, आणायची नाही. बाबांनी ती पट्टी दोनदा वाचली. मग हसले. "बघ," म्हणाले, "आख्खं आयुष्य सरकारी नोकरी केली. आता विमानातून चोरटा माल घेऊन उतरू का?"

मला हसू आलं नाही. बाबा परत गेले तर नळी इथेच राहणार. तिथे तीच साधी सिगारेट, तीच काडी, तीच गादी, आणि त्या घरात एकटा माणूस. चार महिन्यांचं सगळं मातीत. मी टीव्ही बंद केला आणि स्पष्टच बोलले, की तुम्ही परत जायचं नाही. व्हिसाचं मी बघते, इथेच राहा, खोली आहे, नातू आहे. बाबा म्हणाले, "मंदीत मी तुला सांगितलं होतं, घर उघडं आहे, या परत. आलीस का?"

मी म्हटलं, तेव्हा गोष्ट वेगळी होती.

"काही वेगळी नव्हती. तुला तुझं घर सोडवत नव्हतं. मला माझं सोडवत नाही."

त्या घरात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती, हॉलमधल्या भिंतीचा रंगसुद्धा आईने निवडलेला. पुढचे दिवस मी नवऱ्याशी भांडले, कारण जवळ दुसरं कुणी नव्हतं. बाबांचा पासपोर्ट लपवावा, असंही एकदा मनात आलं. कपाटापर्यंत गेले होते. नवऱ्याने सांगितलं की माणूस ठेवून घेता येतो, कोंडून ठेवता येत नाही. तो क्वचित बोलतो, आणि बोलतो तेव्हा नेमकं मला नको असतं तेच बोलतो.

कार्तिकी एकादशी शुक्रवारी आली. द्वादशीला नवरा घरीच होता. दिलेल्या शब्दाप्रमाणे मी सकाळी खालच्या बकाल्यातून, म्हणजे आमच्या किराणा दुकानातून, बाबांच्या ब्रँडचं पाकीट आणलं. नेमाच्या बाबतीत मी बाबांची मुलगी आहे. वरण, भात, भरली वांगी, खीर असं पारण्याचं सगळं केलं. ताट वाढलं आणि पाकीट ताटाशेजारी, मिठाजवळ ठेवलं. म्हटलं, "नेम संपला बाबा. तुम्ही मोकळे."

बाबांनी पाकिटाकडे पाहिलं, चित्राहुती घातली, दोन घास खाल्ले. मग नवऱ्याला विचारलं, काशीला कधी गेला होतास का? तो नाही म्हणाला.

"तिच्या आईला जायचं होतं," बाबा म्हणाले. "राहून गेलं. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट तिथे सोडून यायची असते. कायमची. नेम नव्हे, कायमची. आता माझ्याने काशी होत नाही. इथेच सोडतो."

मी भाताचा चमचा हातात धरून उभी होते. माझी नजर पाकिटावर गेली आणि मनात म्हटलं, जमलं. बाबांनी ते बरोबर ओळखलं आणि मान हलवली.

"सिगारेट नव्हे गं. ती सवय आहे, ती तुझी नळी सांभाळेल. सोडायची ती आवडीची गोष्ट." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "डोंबिवलीचं घर सोडतो. तिकीट रद्द कर."

मुलाने कानातले इयरफोन काढले. एप्रिलपासून मला हेच हवं होतं, यासाठीच मी दुकानं हिंडले होते, भांडले होते, कपाटापर्यंत गेले होते. आणि आता ते मिळालं तेव्हा मला डोंबिवलीच्या हॉलमधली ती भिंत दिसायला लागली, आणि डोळे भरून आले ते थांबेनात.

बाबांनी पाकीट उचलून नवऱ्याच्या बाजूला सरकवलं, कारण ते मिठाच्या आड येत होतं.

"रडू नकोस," ते म्हणाले. "भात वाढ."